गटारीच्या रात्री शाळा उघडी

लालबागच्या नाक्यावर आज दोन रांगा लागल्या आहेत. एक चिकनच्या दुकानापुढे, दुसरी वाईन शॉपपुढे. पहिलीत बायका आहेत, दुसरीत एकही नाही. पाऊस धरून बसलाय, छत्र्यांच्या काड्या एकमेकींत अडकताहेत, तरी जागा सोडायला कुणी तयार नाही. आज गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणजे महिन्याभराचं आज रात्रीत उरकायचं. जाळीमागे तीन पोरं बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देताहेत. परवाना कुणी मागत नाही, कुणी दाखवत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जागेवर आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. एका दिवसाचा हवा तर विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. कशासाठी, तर कागदावरचं कारण आहे आरोग्य राखण्यासाठी.

दोन गल्ल्या सोडून महापालिकेची शाळा आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर एरवी साडेसातला सुरू होऊन नऊला संपणारी मीटिंग आज साडेदहापर्यंत चालणार आहे. गटारीला, होळीला आणि ३१ डिसेंबरला हा ग्रुप ती अशीच लांबवतो. गेटवर बोर्ड वगैरे काही नाही. जिन्याच्या कठड्याला एक पुठ्ठा टांगलाय, त्यावर खडूनं 'ए. ए., खोली ४' आणि बाण. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची आजची मीटिंग 'ओपन' आहे म्हणून माझ्यासारख्याला आत बसता येतंय. 'क्लोज्ड' असती तर दारू सोडू पाहणाऱ्याशिवाय कुणालाच दार उघडं नसतं. इथल्या माणसांची नावं मी बदललेली नाहीत. लिहिलेलीच नाहीत.

खोली चौथीची, बाकही चौथीच्या मापाचे. पन्नाशीतले पुरुष गुडघे पोटाशी घेऊन बसलेत. भिंतीवर पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजेरी. दाराशी स्टुलावर चहाचा मोठा थर्मास, त्याच्यामागे बेस्टमधून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर. त्यांना सगळे 'काका' म्हणतात. तेवीस वर्षं दारूला शिवलेले नाहीत. एवढा ज्येष्ठ माणूस चहा का वाटतो, असं मी शेजारच्याला विचारतो, तर काकाच उत्तर देतात.

"चहा देताना हात बघायला मिळतो."

आणि थोड्याच वेळात तो हात येतो. चाळिशीचा माणूस, ताजी दाढी केलेली, कपाळावर गंध, अंगात इस्त्रीचा शर्ट. या थंड पावसाळी हवेतही मानेवर घामाचे थेंब. काका त्याला कप अर्धाच भरून देतात, तरी चहा बशीत येतो.

"शेवटची कधी घेतली, भाऊ?"

"काल दुपारी. आता बंद. सकाळी सिद्धिविनायकाला जाऊन शपथ घेतली."

"रोज किती व्हायची?"

"दोन क्वार्टर. कधी तीन."

माझ्या शेजारचा पुटपुटतो, "दोननं गुणा." इथे पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याला दोननं गुणायची पद्धत दिसते.

"याआधी अशी एकदम कधी सोडली होती?"

"दोन वर्षांमागं. श्रावणातच. दुसऱ्या दिवशी मोरीत पडलो, जीभ चावली गेली. बायको म्हणते हातपाय झटकत होतो. मला काही आठवत नाही."

काका थर्मासचं झाकण लावतात. आवाज न चढवता दोघांना बोलावतात, एक कुरिअर कंपनीतला पोरगा, दुसरे बँकेतले साहेब. "टॅक्सी बघा. केईएमला न्यायचंय. काल दुपारी शेवटची, मागं फिट येऊन गेलीये, हे दोन्ही डॉक्टरांना आधी सांगा."

नवा माणूस गोंधळतो. तो मीटिंगला आलाय, हॉस्पिटलला नाही. त्याला काही झालेलंही नाही, नुसती थरथर आहे, ती रात्रीत जाईल. शिवाय हॉस्पिटलात गोळ्या देणार, मग शपथेचं काय?

"भाऊ, मी तीस वर्षं बस चालवली," काका म्हणतात. "दारू म्हणजे सतत दाबलेला ब्रेक. गाडी पुढं जायला हवी म्हणून तुमचा मेंदू इतकी वर्षं अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसलाय. काल दुपारी तुम्ही ब्रेक एकदम सोडलात. अ‍ॅक्सिलरेटर अजून खालीच आहे. डॉक्टर गोळ्या मोजून देतील आणि मोजून कमी करतील, तेवढ्यात पाय वर येतो. याच्यात शपथ कुठं मोडत नाही."

डॉक्टर हेच वेगळ्या भाषेत सांगतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू अचानक थांबवली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. सलाइनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी बी-वन हे जीवनसत्त्व टोचावं लागतं, कारण पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि त्याच्या अभावी स्मृती कायमची जायबंदी होऊ शकते. आपल्याकडे समज बरोबर उलटा आहे. गर्द म्हणजे हेरॉइन ओढणाऱ्याची 'टर्की' बघून लोक हादरतात. हाडं मोडल्यासारखा तो लोळतो, ओकतो, किंचाळतो. पण ती टर्की माणसाला सहसा मारत नाही. दारू सोडताना मात्र माणूस दगावू शकतो, आणि घरचे म्हणत असतात, बघ, हात कापताहेत, पण गडी निर्धाराचा आहे.

"मीटिंग चुकेल," नवा माणूस शेवटचा मुद्दा काढतो.

"मीटिंग रोज आहे," काका म्हणतात. दोघं त्याला मधे घेऊन जिना उतरतात. काका त्याच्या घरचा नंबर वहीत लिहून घेतात आणि बायकोला फोन लावायला व्हरांड्यात जातात.

मीटिंग दहा मिनिटं उशिरानं सुरू होते. चेअरवर आज टेलिफोन खात्यातले एक निवृत्त गृहस्थ आहेत. चेअर म्हणजे गुरुजींची लाकडी खुर्ची, आणि अधिकार एवढाच की कुणी किती वेळ बोलायचं हे सांगायचं. मिनिटभर शांतता, मग प्रार्थना, मग पुस्तकातलं पान. त्यानंतर शेअरिंग. बोलणारा उभा राहतो, नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक' म्हणतो, खोली एका सुरात नमस्कार करते. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, चुकचुकत नाही. चाळीतून आलेल्या माझ्यासारख्याला हे फार अवघड वाटतं.

पहिला उठतो तो पेंटर. गिरणी कामगाराचा मुलगा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तो दहावीत होता. वडील घरी बसले, मग बाहेर बसायला लागले, मग मुलगा त्यांना शोधायला अड्ड्यावर जायला लागला आणि शोधता शोधता तिथलाच झाला. "सोडायचं मला कुणी शिकवू नका," तो हसत म्हणतो. "मी सोडण्यात एक्सपर्ट. श्रावणात सोडली. नवरात्रात सोडली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. गाणगापूरला सोडली. पंढरपूरला जाऊन माळ घातली." माळेचं तो थोडं थांबून सांगतो. पहिल्या वर्षी वारीत चालला, दिंडीबरोबर, सतरा-अठरा दिवस. एक थेंब नाही, आठवणही नाही. घरी आल्यावर आषाढ सरला, श्रावण सरला, माळ होतीच. मग एका संध्याकाळी कामाचे पैसे मिळाले. "माळ काढली, खुंटीला टांगली, पाया पडलो आणि खाली उतरलो. येऊन परत घालायची होती ना."

सगळे खळखळून हसतात. मला हसावं की नाही कळत नाही. पण यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी अशी एखादी खुंटी असणार.

त्याच्या गावातल्या दोघांची मात्र माळेनं सुटली, कायमची, असंही तो सांगतो. ते दर एकादशीला भजनाला बसतात, फडातल्या माणसांच्या घरी जाऊन येतात, एखादा दिसला नाही तर दुसरा त्याच्या दारात उभा राहतो. "त्यांच्या माळेला माणसं होती. मी एकटाच घालून बसलो होतो." एवढं बोलून तो खाली बसतो.

मी इथे आलो तो व्यसन कसं सुटतं ते बघायला. तासाभरात लक्षात येतं की सुटण्याबद्दल इथे कुणाला फारसं कुतूहल नाही. सोडली प्रत्येकानंच आहे, अनेकदा. यांची सगळी अक्कल खर्च होते ती सुटलेल्या अवस्थेत आजची संध्याकाळ काढायची कशी, यावर. ते कामही अगदी किरकोळ दिसणारं. पोट रिकामं ठेवू नका. राग आला तर कुणाला तरी फोन करा. एकटे राहू नका. दमलात तर झोपा. भूक, राग, एकटेपणा, थकवा ही यादी इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. स्टेशनरीचं दुकान चालवणारे एक जण खिशात कायम चिक्की बाळगतात. तल्लफ आली की आधी खातात, मग घड्याळ बघतात. अर्ध्या तासात लाट ओसरते, हे त्यांना आता माहीत आहे. पिताना माहीत नव्हतं, कारण तेव्हा अर्धा तास कधी थांबलेच नव्हते.

याच दुकानदारांची गोष्ट आमटीची आहे. लोकलच्या डब्यात 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' असे स्टिकर असतात, त्यातल्या एकावरचा नंबर त्यांच्या पत्नीनं लावला. पुड्या आल्या. त्यात नेमकं काय होतं कुणास ठाऊक, पण रात्री क्वार्टर घेऊन ते जेवायला बसले आणि पाच मिनिटांत चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, श्वास कोंडला. डॉक्टरांना डायसल्फिरमचा संशय आला. या औषधाचा दारूवरचा परिणाम १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये लक्षात आला. ते पोटात असताना दारू घेतली की यकृतातलं दारूचं पचन अर्ध्यावर अडकतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष रक्तात साचतं. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. औषध वाईट नाही. आधी तपासण्या करून, पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं डॉक्टर ते देतात आणि काहींना त्याचा चांगला उपयोग होतो. "मला कुणी समजावलं नव्हतं," दुकानदार म्हणतात. "त्यानंतर वर्षभर मी घरात जेवलो नाही. बाहेर खायचो, बाहेर प्यायचो. दारू सोडवायला आणलेल्या पुडीनं माझं घर सुटलं."

एक बाई उठतात. खोलीत स्त्री म्हणून त्या एकट्याच. क्लासेस घेतात. बाटली तांदळाच्या डब्यात असायची, कारण घरातल्या कुठल्याच पुरुषाचा हात त्या डब्यात जात नाही. "सगळ्यांना माहीत होतं. बोललं कुणी नाही. नवरा पीत असता तर सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं असतं. सून पिते हे सांगणार कुणाला?" त्या दोन-अडीच मिनिटंच बोलतात आणि दारापाशीच्या आपल्या जागेवर जाऊन बसतात.

कोर्टात क्लार्क असलेले गृहस्थ उठतात तेव्हा खोली जरा सावरून बसते. त्यांना सगळे ओळखतात. अकरा वर्षं सोबर होते, इथेच चेअर केलेली, नव्यांचे स्पॉन्सर, म्हणजे पाठीराखे, झालेले. मुलीचं लग्न ठरलं. हॉल, दागिने, पत्रिका, धावपळ. मीटिंगला यायला वेळ मिळेना. सहा महिने, आठ महिने. दुःख नव्हतं, भांडण नव्हतं. हळदीच्या रात्री अंगणात बेंजो लागला, व्याह्यांनी ग्लास पुढे केला आणि यांच्या मनात आलं, अकरा वर्षं झाली, आता एखादा चालेल. "पहिल्या रात्री एकच घेतला. माझं मलाच कौतुक वाटलं. आठव्या दिवशी सकाळी सहाला मी देशीच्या बारचं शटर उघडायची वाट बघत उभा होतो." शरीर मधली अकरा वर्षं धरत नाही, जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं. याला इथे 'स्लिप' म्हणतात. आज त्यांचा बाविसावा दिवस.

टाळ्या वाजतात. मघाशी काकांच्या तेवीस वर्षांना जेवढ्या वाजल्या तेवढ्याच. कुणी 'अरेरे' म्हणत नाही. घरी आपण नेमकं हेच म्हणतो, आणि माणूस परत यायचा असतो तो त्या 'अरेरे'च्या भीतीनं येत नाही.

चेअरवरचे गृहस्थ या ठिकाणी गडकऱ्यांना ओढतात. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली, गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. "सुधाकर शपथ घेतो आणि ती मोडते. गडकऱ्यांचा इलाज नव्हता, तेव्हा मीटिंगच नव्हती," ते म्हणतात. आणि मग गटारीला दरवर्षी सांगतात ती गोष्ट सांगतात. टेलिफोन खात्यातल्या माणसाला ती आवडणं साहजिक आहे.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा आहे. दारू सोडून पाच महिने झालेत. ज्या धंद्यासाठी आला तो फसलाय, खिशात पैसे नाहीत, शनिवारची संध्याकाळ आहे. लॉबीच्या एका बाजूला बार, तिथून हसण्याचे आवाज येताहेत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. बिल टेलिफोनकडे जातो आणि एकामागून एक नंबर फिरवतो. मला वाचवा, असं तो म्हणत नाही. माझ्यासारखा पिणारा एखादा माणूस शहरात आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय, असं विचारतो. त्यातून दुसऱ्या दिवशी गाठ पडते डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही असं बजावून आलेले डॉक्टर सहा तासांवर बसतात. पुढे तेही एकदा घसरतात. १० जूनला त्यांना ऑपरेशन करायचं असतं आणि हात कापत असतात, तेव्हा बिलच त्यांना बिअर देतो. ती त्यांची शेवटची. ए. ए. तोच दिवस आपली सुरुवात मानते.

"बॉबला वाचवायला बिल गेला नव्हता," चेअरवरचे म्हणतात. "त्याला त्या संध्याकाळी स्वतःला बारपासून लांब ठेवायचं होतं. आपणही आज त्याचसाठी बसलोय. बाहेरच्यांना नावं ठेवायला नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांना प्यायची ती आज पिऊन उद्या खरंच थांबता येतं. आपल्याला येत नाही, एवढाच फरक."

मला हे बरं वाटतं. दारूविरोधी सभेतला सात्त्विक संताप इथे औषधालाही नाही.

शेवटच्या बाकावर एक पोरगा आहे, चोविशीचा असेल. त्याचं दारूचं खातं लहान आहे, मोठं आहे ते एमडीचं. मेफेड्रोन, मुंबईतली पोरं त्याला 'म्याव म्याव' म्हणायची. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. हात थरथरत नाहीत, वास येत नाही, आईला कळलं तेव्हा पोरगं निम्मं झालं होतं. सोडल्यावर झोप, झोप आणि नुसती उदासी. कशातच चव नाही, गाण्यात नाही, क्रिकेटमध्ये नाही. मेंदूतली आनंदाची यंत्रणा इतकी उपसली गेलेली असते की ती भरून यायला महिने लागतात, आणि तेवढे महिने तो पदार्थ बोलावत राहतो. चेअरवरचे त्याला थोडक्यात बोलायला सांगतात, कारण ही दारूची मीटिंग. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसची वेगळी असते. तो चटकन खाली बसतो. मला ती शिस्त जरा कोरडी वाटते. पण चहाच्या सुट्टीत दुकानदार त्याच्याजवळ जातात, एन. ए. ची मीटिंग कुठे आणि कुठल्या वारी असते ते लिहून देतात, आणि मुक्तांगणविषयी बोलतात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं हे केंद्र गर्दच्या लाटेतूनच जन्माला आलं. दुकानदार स्वतः तिथे राहून आलेत. "तिथं सोपं होतं रे," ते त्याला सांगतात. "उठायचं कधी, जेवायचं कधी, सगळं ठरलेलं. खरं अवघड दादरला गाडीतून उतरल्यावर. म्हणून उतरायच्या आधी मला फोन."

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण कह्यात गेलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो, असं तिच्यात निघालं. या खोलीत आज तीसेक माणसं असतील. नाक्यावरच्या त्या दुसऱ्या रांगेत किती होती, ते मी मोजलं नाही.

व्हरांड्यात शेजारच्या खोलीतल्या बायका बाहेर आल्या आहेत. ती अल-अनॉनची मीटिंग, पिणाऱ्यांच्या घरच्यांची. बिलची बायको लोइस विल्सन हिनं १९५१ साली ती चळवळ उभी केली. बायका आहेत, आया आहेत, एक बहीण आहे. नवरा एकही नाही. क्लासवाल्या बाई कपातला चहा संपवत लांब कठड्याशी उभ्या आहेत. त्यांच्यासाठी त्या शेजारच्या खोलीत येऊन बसणारं कुणी नसावं.

एक जण हसत सांगते की ती बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवायची. नवरा पिऊन झाल्यावर रेघेपर्यंत पाणी भरायचा. दोघांचाही अर्धा दिवस त्या रेघेत जायचा. दुसरी सात वर्षं त्याच्या ऑफिसात फोन करत होती: ताप आलाय, जुलाब होताहेत, मामा वारले. "चार मामा मारले मी. ते सगळे अजून गावी आहेत." फोन करायचं तिनं थांबवलं तेव्हा सासरच्यांनी तिलाच बोल लावले. आता तो काय करतो यापेक्षा मुलांना वेळेवर जेवायला मिळतंय का आणि आपण झोपतोय का, हे ती आधी बघते. नवरा अजून पितोच आहे. तरी ती दर आठवड्याला येते.

जिन्यावरून एक बाई भिजत वर येते. हातात कापडी पिशवी, तीत टॉवेल, चादर आणि स्टीलचा डबा. नव्या माणसाची बायको. काकांनी फोन केला तसं कपडे घेऊन निघाली आणि हॉस्पिटलऐवजी आधी इथेच आली, कारण फोनवर काहीच नीट कळलं नव्हतं. बायका तिला मधे घेतात. कुणीतरी पहिला प्रश्न विचारतं, "तू जेवलीस का?" ती मान हलवते आणि तिथेच रडायला लागते.

"मीच म्हटलं होतं, देवासमोर शपथ घ्या आणि आजपासून थेंब नको. मला काय माहीत असं असतं."

"कुणालाच माहीत नसतं."

"आता सुटेल ना?"

मार्करवाली तिच्या हातातली पिशवी घेते. "आज रात्री डॉक्टर बघतील. चार-पाच दिवसांत थरथर जाईल. त्यानंतरचं मोठं आहे, ते आपण बोलू. तू उद्या इथे ये. ते आले नाहीत तरी तू ये." सरकारचा १४४४६ हा मोफत हेल्पलाइन नंबरही ती तिच्या मोबाइलमध्ये घालून देते, रात्रीबेरात्री लागला तर.

सुट्टीनंतर आणखी तासभर शेअरिंग चालतं. बाहेर कुठेतरी डीजे सुरू झालाय. खिडक्या लावल्या जातात, पंखे वाढवले जातात. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. तीत शाळेचं भाडं, चहा, पुस्तकं निघतात. मी नोट काढतो तर पिशवी माझ्यापुढून सरळ पुढे जाते. बाहेरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही, अगदी सरकारकडूनही नाही, हा यांचा जगभरचा रिवाज आहे. वर्गणीच्या पावत्यांवर वाढलेल्या या लालबागमध्ये ही गोष्ट मला फार अनोखी वाटते.

साडेदहाला खुर्च्या-बाक जागेवर लावताना काकांचा फोन वाजतो. बँकेतले साहेब. अ‍ॅडमिट करून घेतलंय, बी-वन दिलंय, सलाइन सुरू आहे. माणूस बडबडतोय, पण बायकोला ओळखतोय. रात्री जवळ कुणीतरी हवं. बायकोला बारापर्यंत निघावं लागेल, घरी मुलगी एकटी आहे. हे दोघं तोवर थांबतील, त्यानंतर?

काका वही उघडतात. दोन ते सहा दुकानदार जातील, सकाळी क्लार्क ऑफिसला जाताना. बारा ते दोनला कोण?

फळा पुसत असलेला एक किडकिडीत माणूस वळतो. आज तो बोलायला उठला नव्हता. "मी जातो, काका."

"कितवा दिवस?"

"नववा."

काका त्याच्या हाताकडे बघतात. डस्टर स्थिर आहे. "जा. पण एकटा नको. पेंटर येतील बरोबर. मागच्या गल्लीनं निघा, लवकर पोचाल."

"त्या गल्लीत माझा बार आहे."

"मग मोठ्या रस्त्यानं जा."

"मोठ्या रस्त्यावर तीन आहेत."

पेंटर छत्री काखोटीला मारून दारात उभा आहे. "चल रे. ते सगळे तुझ्या आधी मी बघितलेत, कुठून वळायचं मला ठाऊक आहे. आधी सांग, जेवलास का?"